डावं बटण

"पुन्हा वाजव. आणि आता दुप्पट वेगात," मास्तर म्हणाले.

वाजंत्रीनं गिटार मांडीवर सावरून घेतली. 'वाजंत्री' हे नाव त्याला कारखान्यातल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलेलं, पण आज त्याला त्याचा अभिमान वाटत होता. त्यानं सुरुवात केली आणि डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून अशी पळाली की कोपऱ्यातला ड्रमवाला जांभई अर्धी टाकून बघत राहिला. करंगळीसुद्धा मागे राहिली नाही. गिटार शिकणाऱ्यांची करंगळी म्हणजे घरातलं लाडावलेलं शेंडेफळ, हाक मारली तरी कामाला येत नाही. याची मात्र सगळ्यांच्या पुढे धावत होती.

मास्तरांचा ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर निघायचा होता आणि त्यांच्या गिटारवाल्यानं ऐनवेळी हात वर केले होते. ही जागा मिळाली तर कारखाना सुटणार होता. नाहीतर आहेच, तोच पत्रा, तो ठोकणारा तोच प्रेस आणि तोच फोरमन, जन्मभर.

"जा तू. तुझ्या मशीनवर आज मी बसते," असं ताई सकाळी म्हणाली होती. ती हल्ली पॅकिंगला असली तरी आधी कितीतरी वर्षं प्रेसवरच होती, म्हणून फोरमननंही कुरकुर केली नाही. आई गेल्यावर ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं. पहिली गिटार तिनंच घेऊन दिली. सगळे त्याला वेड्यात काढत होते तेव्हा ती एकटी म्हणायची, याच्या बोटांत काहीतरी आहे.

गाणं संपलं. मास्तरांनी त्याचा डावा हात उलटा करून बोटांवरचे घट्टे बघितले.

"उजवा हात ठीकठाक आहे," ते म्हणाले. "पण हा डावा दिवसभर घासल्याशिवाय असा तयार होत नाही. नोकरी करतोस ना? मग वेळ कुठून काढतोस?"

"कामावरच," तो खुशीत म्हणाला. "प्रेस चालवतो मी. उजव्या हातानं काम आणि डाव्यानं रियाज. टेबलाला खालून एक लाकडाची पट्टी ठोकलीय, तिच्यावर बोटं चालूच असतात."

मास्तर हसले नाहीत. "माझे वडील प्रेसवरच होते. त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही, हात आत सापडू नये म्हणून. मग तुझा डावा मोकळा राहतो कसा?"

वाजंत्रीनं खाली मांडीवरच्या गिटारकडे पाहिलं.

गिटारच्या तुटलेल्या तारेनं. डावं बटण त्यानं तारेनं आवळून दाबून ठेवलं होतं. फोरमनची फेरी असली की सोडायची आणि तो गेला की पुन्हा बांधायची. काल संध्याकाळी या ऑडिशनच्या नादात ती सोडायची राहूनच गेली. ताईला त्यानं कधी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर तिनं कान उपटला असता. आणि तार अशी बारीक, की मुद्दाम वाकून पाहिल्याशिवाय दिसायची नाही. दोन्ही बटणं दाबून काम करणाऱ्याला मशीनमध्ये काही वेगळं जाणवणारही नाही.

पण ताई जुनी कामगार. जुनी माणसं वाकडा बसलेला पत्रा डाव्या हातानं सरळ करताना उजवा खुशाल बटणावर टेकवून ठेवतात. एकट्या बटणानं काय होणार आहे?

गिटार खुर्चीवर टाकून तो बाहेर जिन्यात धावला. ताईचा फोन नुसताच वाजत राहिला. त्यानं पुन्हा लावला, मग पुन्हा. अखेर कुणीतरी उचलला.

"ताई?"

"मी आहे," फोरमनचा आवाज आला. एरवी मशीनच्या वरताण ओरडणारा हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो, हे वाजंत्रीला ठाऊक नव्हतं. "हॉस्पिटलातनं बोलतोय. डावा पंजा गेला रे तिचा."

तो पायरीवर बसला.

"पोलीस आलेत," फोरमन सांगत होता. "मशीनच्या बटणाला गिटारची तार बांधलेली निघाली. ज्यानं बांधली त्याच्यावर केस होणार. मी तुझं नाव सांगणारच होतो. पण आत नेताना ती शुद्धीवर होती. म्हणाली, तार मी घरून आणून बांधली, माझ्या भावाला यातलं काही माहीत नाही." फोरमननं आवाज आणखी खाली आणला. "माझा नाही विश्वास बसत. तूच सांग बाबा. तू म्हणशील तसं मी लिहून देतो."

दार उघडून मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. "काय रे, घरी सगळं ठीक ना? परवा निघायचंय आपल्याला. येतोयस ना?"

वाजंत्रीनं त्यांच्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. दार लागेपर्यंत तो थांबला. मग फोन तोंडाशी नेऊन म्हणाला,

"तिनंच बांधली."