चौदा खटके

“चौदा,” तपासायला आलेल्या बाईंनी सांगितलं.

घड्याळजींनी इन्सुलिनच्या पेनाला नवी सुई लावली आणि आधी दोन युनिट हवेत सोडली. साखरेने नजर पार अधू केली होती, बोटं मात्र अजून कामाची होती. कोणी परीक्षा घेतंय म्हटल्यावर त्यांना उलट चेवच चढला.

वर्षभर मुलगा दोन्ही वेळा बाटलीतून सिरिंज भरून टोचत होता. गेल्या महिन्यात त्याने हे पेन आणलं. त्याआधी पोटाला चिकटवायचा पंपही बघून झाला होता, पण त्याच्या पडद्यावरचे आकडे वाचणार कोण? पेनाची चकती फिरवली की दर युनिटला खट् वाजतं. “चाळीस वर्षं घड्याळं ऐकलीत बाबा, हे तर तुमच्या हातचा मळ,” म्हणत मुलगा रोज संध्याकाळी शेजारी बसून शिकवत राहिला. म्हातारा हरखून गेला होता.

“घाई नको काका,” बाई म्हणाल्या. “ज्यांना आपलं आपण इन्सुलिन घेता येतं, त्यांनाच आमच्या वृद्धाश्रमात खोली मिळते. म्हणून बघावं लागतं.”

चकतीवरची बोटं थांबली.

“तू तर म्हणालास, दवाखान्यातून आल्यात.” घड्याळजी मुलाकडे वळले.

शेजारी मुलाची खुर्ची तेवढी करकरली.

पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता. घड्याळजींना संताप आला, रडूही आलं. दोन खटके चुकवायचे, बस्स. बाई कागद गुंडाळून निघून जातील, आणि हे घर, ही खोली, हा पलंग, सगळं जिथल्या तिथे राहील. पण मग उद्या सकाळी सुई घेऊन पोटाशी येणारा हात याचाच असेल. ते नको वाटलं.

त्यांनी मोठ्याने मोजत चौदा खटके फिरवले, सुई टोचली, बटण दाबलं आणि दहा आकडे होईपर्यंत ती हलू दिली नाही.

“अगदी बरोबर!” बाईंनी कागदावर खूण केली. “इतकं छान शिकवलं कोणी हो?”

“मुलाने,” घड्याळजी म्हणाले. “जन्मात एवढा वेळ माझ्याजवळ बसला नव्हता.”