दुसरा डोळा

हमरापूरला सीताबाईच्या कारखान्यात सासूपासूनची रीत होती: गणपतीचा एक डोळा आखला की आभाळ कोसळलं तरी दुसरा आखल्याशिवाय उठायचं नाही. तिने पहिला डोळा आखला आणि दिपिका फोन ठेवून समोर बसली. लष्करी इस्पितळात नर्स असलेल्या या लेकीवर तिथल्याच मोठ्या अधिकाऱ्याने बलात्कार केला होता. “वकिलांचा फोन होता. केस आपल्या कोर्टात नाय चालणार, लष्कराच्या कोर्टात चालणार.” “मंग निकाल कोन देनार?” “त्यांचेच अधिकारी.” “आन तू?” “वर्दी घालून साक्षीला जायचं. आत शिरताच त्यांना सॅल्यूट ठोकायचा.” सीताबाईने कुंचला पुन्हा टेकवला. दुसऱ्या डोळ्याची वरची कड नीट उतरली. “आन तो दारात भेटला तं गो?” दिपिका बोटाला लागलेला रंग नखाने खरवडत राहिली. “त्यालाबी. वरच्या हुद्द्याचा हाय ना.” सीताबाई अर्ध्या डोळ्यावरून उठली.