शैलेंद्रचं शेतकरी सैन्य

रशियन क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात युक्रेनमध्ये लढलेल्या अराजकवादी शेतकरी सैन्याचं वेड माझ्या लेकाला, शैलेंद्रला कॉलेजपासून. त्यांना ना राजा, ना पक्ष. शेतकरीच गनिमी छापे घालायचे आणि आपला म्होरक्या हात वर करून निवडायचे. पुण्यात त्याच्या खोलीसाठी जुन्या छत्रीच्या कापडाचा, त्या सैन्यासारखा काळा झेंडा मीच शिवून दिला होता. दुबईत साहेब झाल्यावरही तो टीमला हीच गोष्ट सांगायचा, एसी केबिनमध्ये बसून.

२००९च्या मंदीत वरून हुकूम आला, टीममधला एक माणूस कमी करा. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, म्हणजे बायकापोरांसकट परत. हा म्हणाला, "आई, मी कुणाचं नाव देणार नाही. त्यांचं तेच ठरवतील, हात वर करून." स्वतः नामानिराळं राहायची ही युक्ती मला चांगली कळली.

संध्याकाळी दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या घरी आला तो पडेल चेहऱ्याने.

"कुणाचं नाव निघालं रे?"

"माझं. म्हणे, बॉससुद्धा टीममध्येच येतो ना!"

मला हसू आवरेना. "शाब्बास! शिकवण फुकट नाही गेली. मग दिलंस वर कळवून?"

"वेडी झालीस का गं? अंकुरचं नाव दिलं."

"त्याने काय केलं होतं?"

"काही नाही. त्या एकट्यानेच माझ्याविरुद्ध हात वर केला नाही. बाकीचे सगळे एक झालेत, आई. त्यातल्या एकाला काढलं तर कंप्लेंट करतील, मग मीच खलास. अंकुर बिचारा गुपचूप जाईल."