एका दिवसाची रजा

शिफ्ट सुटल्यावर थोरली तडक इस्पितळात आली, तेव्हा आईच्या उशाशी धाकटी बसली होती. चार दिवसांपूर्वी ती सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडच्या देशातून आली, आणि तेव्हापासून तिने ते स्टूल काही सोडलं नव्हतं. आईचे केस विंचरून तिने सैलसर वेणी घातली होती. वॉर्डातल्या बाकीच्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

थोरलीने आईच्या कपाळाला हात लावला. आईने डोळे उघडले.

"आलीस? ही बघ, परदेशातून आली. तू इथल्या इथे असून तुला सवड होत नाही."

गेली सहा वर्षं आईचं जेवणखाण, औषधपाणी, अंघोळ सगळं थोरलीच्याच हातचं होतं. पण ते आईच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि आता आठवण करून देण्यात काही अर्थ नव्हता.

"तिला रजा मिळत नाही गं, आई," धाकटी म्हणाली.

"मागायला काय जातं?" म्हणत आईने पुन्हा डोळे मिटून घेतले.

दोघी बहिणी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसल्या. दोघीही शर्टांच्याच कारखान्यात. थोरली इकडे कॉलर जोडायची, धाकटी तिकडे बाह्यांना कफ लावायची. कंपनीही एकच.

"तुझी किती उरली?" थोरलीने विचारलं.

"रजा? आठ दिवस. आईवडिलांच्या आजारपणाला बारा दिवस मिळतात."

"पगारी?"

"पगारीच."

"आणि परत गेल्यावर कोणी काही बोलत नाही?"

धाकटीला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. "काय बोलणार? विचारतात, आई कशी आहे म्हणून."

थोरली नुसतीच हसली. मागच्या वर्षी तिच्या रांगेतल्या एका बाईने मुलीच्या तापासाठी तीन दिवस मागितले होते. चौथ्या दिवशी ती आली, तर तिच्या मशीनवर दुसरीच बसलेली.

"सासूबाईंना हेच दुखणं होतं," धाकटी म्हणाली. "तिकडे सरकारी दवाखान्यात दहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आता जिने चढतात." मग तिने जीभ चावली. आईला इथे ऑपरेशनची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली होती. त्यातले तीन आठवडे अजून बाकी होते. "जाऊ दे. बोलायला नको होतं मी."

"बोल की. तू गप्प बसलीस म्हणून तारीख थोडीच अलीकडे येणार आहे?"

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या, पण बोलल्या नीट. "आता ऑपरेशनचं मनातून काढून टाका. उद्याचा दिवस निघेल असं वाटत नाही. दोघी जवळ थांबलात तर बरं."

थोरली व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिने सुपरवायझरला फोन लावला. माणूस तसा वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, नियम काय मी करतो? आईवडील गेले तर एक दिवस आहे. त्याआधीची रजा आपल्याकडे नाही. उद्या माल निघायचाय. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या जागेवर दुसरी बसवतील, आणि ते मला थांबवता यायचं नाही."

नवऱ्याचं काम सुटून वर्ष होत आलं होतं. घर तिच्या एकटीच्या मशीनवर चाललं होतं. "येते," ती म्हणाली.

सकाळी कामावर जाताना, अंगात कारखान्याचा निळा एप्रन घालूनच ती वॉर्डात डोकावली. धाकटीचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. आई मात्र टक्क जागी होती. थोरली वाकली, तसं आईने तिचं मनगट धरलं.

"सिस्टर," आई हळूच म्हणाली, "माझी थोरली आली ना, की मला उठवा. झोपू देऊ नका."



"उठवते," थोरली म्हणाली. आईची बोटं तिने एकेक करून सोडवली आणि पांघरुणाखाली ठेवली.

कारखान्यात मोबाईल गेटवरच जमा करावे लागत. अकराच्या सुमाराला सुपरवायझर रांगेतून चालत आला. एरवी तो लांबूनच ओरडायचा. आज तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या हाताने तिचं मशीन बंद केलं.

"ऑफिसात तुमच्या बहिणीचा फोन आला होता. आई गेल्या, बाई. सगळं शांतपणे झालं म्हणाली."

आजूबाजूच्या दोन-तीन मशीनचा आवाज मंदावला. थोरली हातातल्या शर्टाकडे बघत राहिली.

"इस्पितळाचे कागद व्हायला वेळ लागणार आहे. उद्या सकाळी देह ताब्यात देतील, असा निरोप आहे. तुम्ही निघा. मी रजा मांडतो."

"आजची मांडली," तिने मान वर न करता विचारलं, "तर उद्या?"

सुपरवायझरने खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"उद्या यावं लागेल," तो अखेर म्हणाला.

तिने डोळे पुसले, शर्टाला ओल लागू नये म्हणून हात एप्रनला पुसून कोरडा केला, आणि मशीन चालू केलं.

"मग उद्याची मांडा, साहेब," ती म्हणाली, आणि अर्धवट राहिलेली कॉलर तिने सुईखाली सरकवली.