दोन्ही पाय ठणठणीत

कृत्रिम पाय बनवणाऱ्या ताईंना नव्या नियमानुसार परवाना हवा होता, नाहीतर वर्कशॉपला कुलूप. परीक्षेत त्यांनी बनवलेला पाय लावून एक आजोबा चालून दाखवू लागले. परीक्षकांनी स्वतः कधी पाय बनवला नव्हता, त्यामुळे त्यांची नजर फारच पारखी होती.

"बाई, खोटा पाय आहे हे लांबूनच कळतंय. नापास!"

तरी नियमाप्रमाणे ताईंची वैद्यकीय तपासणी व्हायलाच हवी होती. शेजारच्या खोलीत डॉक्टरांनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता ताईंना दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं.

"वा! दोन्ही पाय अगदी ठणठणीत!"

ताई खुर्चीत बसल्या. स्वतः बनवलेला आपला डावा पाय काढून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.



"डॉक्टर, एवढा जरा शेजारच्या साहेबांना दाखवून आणता?"