चिन्हाचं तोंड

"हिची उजळणी तू घे," बाबा म्हणाले. "तुझा पाया पक्का आहे."

ताईनं मान डोलावली. पक्का आहे तर मग शेजारी मला बसवा की, असं ती मनातल्या मनात म्हणाली. कारण बाबांच्या शेजारची खुर्ची आता गोटीची झाली होती.

गोटी म्हणजे आतेबहीण. आत्याची बदली झाली आणि गोटी वर्षभरासाठी मामाकडे राहायला आली. ताईपेक्षा थोडीशीच लहान, वर्ग तोच, आणि स्वभाव असा गोड की चिडायचीही सोय नाही.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. ताई लहान असताना त्यांनी तिला समीकरणं शिकवली ती जुन्या पितळी तराजूवर. या पारड्यातून काढलंस, तर त्या पारड्यातूनही काढ. तो तराजू ताईचा होता. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण होता. आता जेवणं आटोपली की बाबा तो टेबलावर मांडत आणि हाक मारत, "गोटे, ये गं." ताईच्या पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं.

त्यात शाळेच्या प्रगत गणिताच्या वर्गात एकच जागा उरली होती, आणि चाचणीला नाव दोघींनी दिलं होतं.

"जिला मिळेल तिला मिळेल," बाबा म्हणाले. "जागा घरातच राहणार ना?"

बाबांना काय जातंय बोलायला.

उजळणी मात्र ताईनं मन लावून घेतली, हे कबूल केलं पाहिजे. कंस सोडवले, अवयव पाडले, अपूर्णांकांची समीकरणं झाली. गोटी चुकायची, खोडायची, स्वतःलाच हसायची आणि पुढच्या वेळी बरोबर सोडवायची. तिचं जमायला लागलं तसा ताईचा जळफळाट वाढला. बाबा येता-जाता डोकावत. "गोटीचा हात बघ कसा सरसर चालतो," असं ते एकदा म्हणाले आणि निघून गेले. ज्या हाताला धरून शिकवलं तो हात सरसर चालतो की नाही, हे त्यांनी कधी पाहिलं होतं?

त्याच दिवशी असमानता आल्या.

दोन्ही बाजूंना उणे संख्येनं भागलं की लहान-मोठ्याचं चिन्ह उलटतं. हा एक नियम तराजूवर दाखवता येत नाही. ताईला तो शिकवताना बाबा खुर्चीत गर्रकन वळून तिच्याकडे पाठ करून बसले होते. "उणे आला की चिन्हानं असं तोंड फिरवायचं." दोघं इतकी हसली होती की काय झालं ते बघायला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ताई तेव्हापासून तो नियम कधी चुकली नव्हती. आणि ते हसणं गोटीला देऊन टाकायला तिचा जीव होईना.

"चिन्ह तसंच ठेवायचं," ती म्हणाली.

गोटीची पेन्सिल थांबली. "उणेनं भागलं तरी?"

"तरी."

गोटी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि चिन्ह तसंच ठेवून पुढचं गणित सोडवलं.

दुसऱ्या दिवशी ताई आंघोळ करून आली तर तिच्या टेबलावर दोघींत मिळून असलेलं गणिताचं पुस्तक उघडं. पान नेमकं तेच.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," गोटी म्हणाली. "तुझ्यासाठी."

"मला काय गरज?"

"नाही गं, सहज."

ताईनं पुस्तक मिटलं आणि दप्तरात खोल कोंबलं. चाचणी होईपर्यंत तिनं ते गोटीच्या हाती लागू दिलं नाही. गोटीनंही मागितलं नाही. उलट आपल्या वाटची बिस्किटं ताईच्या बशीत सरकवत राहिली. लाडीगोडी लावतेय, ताईला वाटलं.

चाचणीत सातवा प्रश्न असमानतेचा आला. ताईनं उणे संख्येनं भागलं, चिन्हाचं तोंड फिरवलं आणि तिरक्या नजरेनं पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. गोटी सातव्यावरच अडली होती. तिनं उत्तर लिहिलं, पेन्सिल चावली, मग खोडरबर घेऊन उत्तर पुसलं आणि पुन्हा लिहिलं. ताईला इतकं हलकं वाटलं की तिनं पेपर दोनदा तपासला, तोही आनंदानं.

निकालाला बाबा शाळेत आले. गणिताच्या सरांनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले.

"एका गुणाचा फरक," सर म्हणाले. "धाकटीचं सगळं बरोबर, फक्त सातव्यात चिन्ह तसंच ठेवलंय. थोरलीला पैकीच्या पैकी. जागा थोरलीची."

बाबांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "विसरली नाहीस हां," ते हळूच म्हणाले. केवढ्या तरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं. ताईचे डोळे भरून आले. हा हात असाच राहू दे, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात गोटीनं येऊन तिला मिठी मारली.

"सुटले बाई," ती म्हणाली. "मामा, मला किती काळजी लागली होती. आमच्या जुन्या शाळेत हा नियम मागच्या वर्षीच झालेला, पण ताईला तो येतच नव्हता. मला शिकवताना चुकीचाच सांगितला. ती मोठी, तिला तोंडावर कसं सांगणार? पुस्तक उघडून ठेवलं तर तेही बघेना. म्हटलं, तिचा एक गुण जाणारच, तर आपलाही जाऊ दे, बरोबरीत राहू. म्हणून बरोबर लिहिलेलं पुसलं."

तिनं ताईचा पेपर उचलून कौतुकानं पाहिला आणि मामाकडे वळली.

"तुम्ही तिला हे कधी शिकवलंत, मामा?"