उतारावरचा दांडा

"चैतू मडावी कोण?" साहेबांनी विचारलं, आणि सागवान डेपोच्या मैदानात चार माणसं उभी राहिली.

साहेबांना हसू आलं. चांद्याहून आलेले मोठे साहेब, त्यांना काय ठाऊक? आलापल्लीच्या रानात चैताच्या महिन्यात पोरगा झाला की तो चैतूच, आणि बुधवारी झालेली पोरगी बुधरीच. इथे नावासाठी कोणी पंचांग उघडून बसत नाही. चौघांतला एक मध काढायचा. तो कुठल्याशा पाल्याची अशी धुरी द्यायचा की पोळं रिकामं व्हायचं आणि एक माशी मरायची नाही. दुसऱ्यानं मढवलेला ढोल भर पावसातही सैल पडत नसे. कातड्याला तो काय चोळतो हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण साहेबांचं काम गाडीच्या दांड्याचं आहे असं कळल्यावर दोघंही मुकाट खाली बसले.

उभे राहिले दोन. एक गाडीवान चैतू. दुसरा डेपोचे बाबू गुणवंतराव यांच्या घरी पाणी भरणारा चैतू. हा दुसराही काही अडाणी नव्हता. त्यानं विणलेल्या बांबूच्या सापळ्यात शिरलेला मासा पुन्हा नदीत जात नसे. पण दांडा त्याचा नव्हता, हे मैदानातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं.

दांडा गाडीवान चैतूचा. गाडीच्या मागच्या बाजूला, दोन्ही चाकांना आडवा, सागाचा. बसल्या जागेवरून दोर ओढला की दांडा चाकांवर आवळायचा आणि लाकडांनी लादलेली गाडी उतारावर जागीच थांबायची. त्याआधी दर हंगामात घाटात दोन-चार बैलजोड्या आपल्याच गाडीखाली चिरडून मरत. दांडा पहिल्यांदा लावून पाहताना चैतूचा उजवा हात चाकात गेला आणि चार बोटं तुटली. आता कुऱ्हाड धरता येत नव्हती, लाकूड चढवता येत नव्हतं. वरून हुकूम आला होता, दांडा करणाऱ्याला डेपोच्या सुतारशाळेत कायमची नोकरी द्यावी. ती मिळाली तर घर चालणार होतं. म्हणून त्याची बायको बुधरी सकाळपासून त्याच्या मागे बसून होती.

गुणवंतराव साहेबांच्या कानाशी वाकले. म्हणाले, हा लुळा माणूस दांडा काय करणार? नोकरीचं नाव काढलं की इथे सगळेच पुढे येतात. आणि त्यांनी आपल्या माणसाला पुढे ढकललं. नोकरी लागली तरी तो आपल्याच घरचं पाणी भरणार, याची बाबूंना खात्री होती. आणि बाबूंच्या तोंडावर खरं बोलायची मैदानात कोणाची छाती नव्हती.

"दांडा माझा हाय, साहेब," गाडीवान चैतू म्हणाला. "हात त्याच्यातच गेला."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, भांडू नका, करून दाखवा. भरलेली गाडी मैदानालगतच्या उतारावरून खाली आणायची, दोर बांधण्यापासून सगळं एकट्यानं करायचं. आधी ज्याचे दोन्ही हात धड आहेत तो.

गाडी गाडीवान चैतूची होती, बैलही त्याचेच, म्हणून तो आणि बुधरी उताराच्या माथ्यावर गाडीजवळच बसले. दुसऱ्यानं दोर बांधायला घेतला आणि चैतूला दिसलं, तो दांड्याच्या वरून घेतोय. दोर खालून घ्यावा लागतो. वरून घेतला तर दांडा चाकाला टेकतच नाही. चैतू उठायला लागला तशी बुधरीनं त्याचं धोतर धरलं. गप बस, ती म्हणाली. आत्ता दिसेल साहेबाला कोण खरा अन् कोण खोटा.

तिचं खरं होतं. नुसतं बसून राहायचं होतं, बस.

गाडी उताराला लागली. दोर ताणला गेला, दांडा हलला नाही. लाकडाचा भार जुवावर आला, बैलांच्या माना खाली गेल्या, डाव्या बैलानं गुडघे टेकले. चैतूनं धोतर सोडवून घेतलं आणि तो गाडीमागे धावला. दांड्याला खांदा लावून त्यानं सगळं अंग लोटून दिलं. चाकं करकरली. गाडी थांबली.

उताराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या साहेबांनी टाळी वाजवली. तिथून त्यांना बैल दिसत होते आणि दोर ओढून धरलेला माणूस. लाकडांच्या मागचं काही दिसत नव्हतं. सोललेला खांदा धरून चैतू पुढे आला, पण त्यानं तोंड उघडायच्या आत बाबू म्हणाले, मदतीला धावला बिचारा. साहेब म्हणाले, अशा लोकांना गाडीजवळ येऊ देत जाऊ नका, एखादा मरेल. दुसऱ्याची पाळी न घेताच जीपच्या बॉनेटवर नोकरीचा कागद ठेवून त्यांनी सही केली आणि निघाले. बुधरी जीपमागे ओरडत गेली. रागात तोंडून निघालेली तिची गोंडी साहेबांना कळत नव्हती, आणि बाबू काही ती मराठीत सांगणार नव्हते.

मैदान रिकामं झालं. पाणी भरणारा चैतू तेवढा घुटमळत होता. गाडीवान चैतू बैलाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबत होता, तिथे तो आला. खाली पाहत म्हणाला, "उद्यापासून सगळ्या गाडीवानायले मलेच शिकवाचं हाय म्हणते बाबू. दोर कसा घेतेत, सांग ना."

बुधरी त्याच्या पायाशी थुंकली. चैतूनं आत्ता तोंड मिटून ठेवलं तर उद्या पहिल्याच उतारावर सगळ्या डेपोसमोर याची फजिती होणार होती. तरी चैतू उठला, डाव्या हातानं दोर उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"खालून घे," तो म्हणाला.

"त्याले काऊन सांगतेस?" बुधरी रडतच ओरडली. "सगळं तं घेतलं त्यानं."

चैतूनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"बैलायले का ठाऊक," तो म्हणाला, "गाडीवर कोणता चैतू बसला हाय ते."